बिननंबरची गोळी

आमच्या घरात कात्री माझ्यापासून लपवून ठेवतात. नवख्या पाहुण्यांना वाटतं, ह्या माणसाला काहीतरी गंभीर आजार असणार. तसं काही नाही. एका रविवारी मला घर आवरायची हुक्की आली, एवढंच. औषधांचा डबा उघडला, तर आत पट्ट्यांचा नुसता कालवा. कुठं अर्धी रिकामी पट्टी, तर कुठं एकच गोळी उरलेली आणि तिच्यामागं वीतभर रिकामी शेपटी. मी पेशानं औषधनिर्माता, म्हणजे फार्मासिस्ट. मला ते बघवेना. कात्री घेतली आणि रिकामं तेवढं छाटून टाकलं. डब्यात छान टुमदार तुकडे राहिले. नाव मात्र एकावरही राहिलं नाही.

त्याच संध्याकाळी सासूबाईंचं डोकं धरलं. मी छातीठोकपणे एक गोळी काढून दिली. त्यांनी ती घेतल्यावर शैला, म्हणजे आमची सौभाग्यवती, डबा हातात घेऊन म्हणाली, "अहो, गुलाबी दिलीत? ती तर तुमची पित्ताची!" मी आत धावणार, इतक्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, डोकं थांबलं हो!"

सासूबाई अजूनही डोकं दुखलं की 'जावयाची गोळी' मागतात. कात्री शैलाच्या शिलाई मशीनच्या खणात गेली ती गेलीच.

हे झालं घरचं. दवाखान्यातली कात्री मात्र कुणी लपवून ठेवली नव्हती.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण यात जे चुकलं ते माझ्या हातून. कोल्हापुरातला मोठा दवाखाना, जिथं औषधाला पैसे पडत नाहीत, एवढं पुरे. औषधाच्या खिडकीमागं बसणाऱ्या माणसाबद्दल लोकांची समजूत अशी, की चिठ्ठी वाचायची, गोळ्या सरकवायच्या आणि 'जेवणानंतर' असं ओरडायचं. बाहेरून दिसतं तेवढं खरंच आहे. पण खिडकीमागचं खरं काम म्हणजे पुरवठ्याला आणणं. औषध येतं थोडं, रांग असते लांब. दहाची पट्टी एकाला दिली, तर मागच्या चौघांनी काय करायचं? म्हणून कापायची. प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला माल कुठल्या खेपेचा आणि कधीपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. आमच्या बोलीत त्याला नुसतं 'नंबर' म्हणतात. कापताना नंबराचं टोक शेवटपर्यंत राखायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. शिकवलेलं असतं.

मी कापायला शिकलो ते सुरतेला प्लेग आल्याच्या बातम्या होत्या त्या साली. नोकरीत नवा होतो. पेपरात एका कॅप्सूलचं नाव छापून आलं आणि गावातल्या दुकानांतून ती रातोरात नाहीशी झाली. मग सगळे आमच्या खिडकीवर. एक पैलवान आला. खिडकीत त्याचं तोंड मावेना, म्हणून कान आत घालून बोलत होता.

"सायेब, तालमीसाठनं गोळ्या पायजेत. आख्खं खोकं द्या."

"पैलवान, कुणाला झालंय काय?"

"व्हायची वाट बघू काय? आन् थंडाईत घोटून घेतल्या तर चालतील न्हवं?"

मी पट्टी कापून त्याच्या हातावर चार ठेवल्या आणि ताप आला तरच, तेही डॉक्टरांना विचारून घ्या, असं बजावलं. त्यानं हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सायेब, चारात माझा एक दंड तरी वाचंल काय?" पण गेला. जाताना खुशीत गेला. त्या दिवशी मला शोध लागला, की एक पट्टी कापली की तीन माणसं खूश होतात. तेव्हापासून कात्री बोटात बसली ती उतरलीच नाही.

आता दोन हजार नऊचा पावसाळा. पुण्यात स्वाइन फ्लू आला आणि आठवडाभरात आमच्याकडं एका बाजूचा वॉर्ड रिकामा करून तिथं तापाचे पेशंट ठेवायला सुरुवात झाली. वॉर्डात कामाला कोण जाणार, यावरून बरीच ओढाताण झाली. ज्या न बोलता पुढं झाल्या, त्या कांबळे सिस्टर.

कांबळे सिस्टर मूळच्या नेसरीच्या. संसार गडमुडशिंगीत. नवरा कारखान्यात कामाला, एकच मुलगी, सुजाता, तिसरीत. सिस्टरांचा हात इतका हलका, की पोरं सुई टोचून झाल्यावर म्हणायची, 'टोचा की आता.' माझ्या खिडकीवर त्या यायच्या तेव्हा चिठ्ठीत चूक असली तर दुरुस्त होऊनच यायची. मी त्यांना जरा घाबरूनच असायचो, खरं सांगायचं तर.

त्यांच्या जोडीला शिवामामा. आमच्याकडं वॉर्डातल्या जुन्या शिपायाला मामा आणि आयाबाईला मावशी म्हणतात, आणि मामांना सगळ्या जगाची बातमी असते. "हा रोग आलेला न्हाय, सायेब. सोडलाय," हे मी पहिल्यांदा शिवामामांकडून ऐकलं.

"कुणी सोडला?"

"मास्कवाल्यांनी. आवं, दोन रुपयाचं फडकं कितीला इकत्यात बघा की!"

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी शिकाऊ डॉक्टरांपैकी एकानं तेच मला इंग्रजीत सांगितलं. फक्त मास्कवाल्यांच्या जागी औषध कंपनी होती. मग एसेमेस फिरायला लागले. कुणी म्हणे, ही लस खपवायची तयारी आहे. कुणी म्हणे, दवाखान्यातल्या लोकांवर प्रयोग चाललाय, कोण तगतंय ते बघणार आणि मग औषध बाजारात आणणार. हे बोलणारी माणसं काही अडाणी नव्हती. डबल ड्युटी करणारी, घरी गेल्यावर शेजारच्यांनी दार लावून घेतलेली माणसं होती. एका मावशींना घरमालकानं नळावर यायची बंदी केली होती. अशा माणसाला 'कुणालाच काही माहीत नाही' हे ऐकवत नाही. त्यापेक्षा 'कुणीतरी मुद्दाम केलंय' हे बरं वाटतं. निदान कुणाला तरी माहीत आहे!

त्यात माझी कात्री आली.

वॉर्डात काम करणाऱ्यांनी रोज एक कॅप्सूल घ्यायची, असं ठरलं होतं. कॅप्सूल आल्या मोजक्या. पट्टीच्या पट्टी देऊ नका, लोक घरच्यांसाठी साठवतात, दोन-दोन द्या, असं वरून सांगणं आलं. मी बसलो कापायला. वाटायला सुरुवात केली ती डॉक्टरांपासून, कारण खिडकीवर सगळ्यात आधी तेच आले. आणि त्या दिवशी कसं कोण जाणे, पट्ट्या हातात आल्या त्या नंबराच्या टोकाकडून, आणि ती टोकंच आधी कापून सरकवली. झालं. डॉक्टरांना नंबराचा तुकडा, सिस्टरांना औषधाच्या नावातली दोन अक्षरं आणि मामा-मावशींना नुसता कोरा चंदेरी कागद. जाणूनबुजून केलं असतं तर निदान माझ्या लक्षात तरी राहिलं असतं.

दोन दिवसांनी शिवामामा खिडकीशी आले. हातात दोन तुकडे.

"सायेब, एक इचारू काय?"

"विचारा की."

"ही डॉक्टरांची गोळी. हिच्यावर नंबर हाय. ही आमची. हिच्यावर न्हाय. ही येगळी हाय काय?"

"अहो मामा, दोन्ही एकाच पट्टीतल्या आहेत."

"मग आमचा नंबर कुठं गेला?"

"डॉक्टरांकडं," मी म्हणालो.

तोंडातून शब्द गेला आणि तो कसा ऐकू गेला असेल, हे मला उमगलं. मामांनी मान हलवली, जणू एवढंच ऐकायला आले होते. दुपारपर्यंत दवाखानाभर झालं, 'मिरजकर सायबांनी कबूल केलं. नंबरच्या डॉक्टरांना, बिननंबरच्या आपल्याला.'

मी समजवायला वॉर्डाकडं गेलतो. तिथं आणखी एक घोळ झाला. शैलानं माझ्या गळ्यात कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी बांधली होती. त्या दिवसांत घरोघरी ती बांधत होते. मी तिला विज्ञान समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गाठ घट्ट केली. शर्टाच्या आत कुणाला दिसत नाही, म्हणून मीही गप्प बसलो. वॉर्डाच्या दाराशी हातमोज्यांचं खोकं ठेवायला वाकलो, तर पुरचुंडी बाहेर येऊन घंटेसारखी हलायला लागली.

कांबळे सिस्टर समोरच होत्या. "साहेब, हे काय?"

"कापूर."

"तुम्ही गोळी घेता न्हवं?"

"घेतो की."

"मग कापूर कशाला?"

"बायकोच्या समाधानासाठी."

"मग बायकोच्या गळ्यात बांधायचा!" शिवामामा मागून म्हणाले. सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्या पुरचुंडीकडं बघत राहिल्या. औषध देणाऱ्याचाच औषधावर भरवसा नाही, एवढं त्यांना दिसलं. ते त्यांना मी दाखवलं.

त्यानंतरच्या दिवसांत सिस्टर बदलत गेल्या. आधी सुजाताला नेसरीला आईकडं पाठवलं. मग स्वतः घरी जाणं बंद केलं, वॉर्डाशेजारी धुतलेल्या चादरींच्या खोलीत झोपायला लागल्या. झोपायला म्हणजे पडायला, कारण झोप नव्हतीच. दवाखान्यातला चहा बंद. पाण्याची बाटली कपाटात कुलुपात. हात धूत राहायच्या, बोटांची कातडी सोलली तरी धूत राहायच्या. पेशंटचं काम मात्र चोख. त्यामुळं कुणी फार लक्ष दिलं नाही. मावशी एकदा मला म्हणाल्या, "साहेब, सिस्टर म्हणतात, त्यांच्यावर कुणाची तरी नजर हाय. रोज टिपून घेत्यात म्हणे, कांबळे अजून उभी हाय का पडली." मी म्हणालो, दमल्यात, दुसरं काय. आणि पुढची चिठ्ठी घेतली.

मग एका सकाळी सिस्टरांनाच ताप भरला. दुपारपर्यंत धाप लागायला लागली. घशाचा नमुना पुण्याला पाठवला, पण तिकडून उत्तर यायला दिवस लागायचे आणि औषध सुरू करायला थांबून चालणार नव्हतं. त्यांच्यासारखीच धाप लागून आलेला एक तरुण पेशंट आदल्याच आठवड्यात आमच्या हातून गेला होता. त्याच्या उशाशी सिस्टरच होत्या. औषध वेळेत पोटात गेलं नाही तर काय होतं, हे त्यांना आमच्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी कॅप्सूल घेतली नाही. ओठ मिटले आणि मान फिरवली. आधीच्याही घेतल्या नव्हत्या. सगळे बिननंबरचे तुकडे उशीखाली निघाले.

वॉर्डाचे तरुण डॉक्टर स्वतः दोन दिवस झोपले नव्हते. ते चिडले. "सिस्टर, तुम्ही तर शिकलेल्या आहात!"

"म्हणूनच नंबर बघितला," सिस्टर म्हणाल्या.

मानसोपचार विभागाच्या बाई डॉक्टर आल्या. त्या सिस्टरांपाशी बराच वेळ बसल्या. बोलल्या कमी, बसल्या जास्त. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला सांगितलं, "त्यांना खोटं पाडू नका. झोप नाही, घर नाही, लेक जवळ नाही, रोज मरण बघणं. एवढ्या भीतीला हातात धरायला काहीतरी लागतं. त्यांनी ती गोळी धरलीय. जबरदस्ती केलीत तर त्यांचंच खरं ठरेल." मग विचारलं, "ते तुकडे कुणी कापले?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मास्क होता म्हणून बरं, तोंड अर्धंच दिसत होतं.

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि शैलाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"मग तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"काय सांगणार? सगळ्या गोळ्या सारख्याच आहेत, शपथेवर सांगतो, असं म्हणालो."

"बरं. दूध संपलंय. घेऊन या जावा."

मी किटली उचलली. दाराशी पोचलो तर तिनं विचारलं, "कुठनं आणणार?"

"कुठनं म्हणजे? कट्ट्यावरनं."

"गल्लीच्या तोंडाला डेअरी हाय की. स्वच्छ, पिशवीबंद. तिथनं का न्हाय?"

"त्या पिशवीत काय मिसळलेलं असतं, कुणाला ठाऊक!"

"तुम्ही बघितलंय मिसळताना?"

"नाही. पण..."

"डेअरीवाला शपथेवर सांगतोय की."

मी किटली घेऊन बाहेर पडलो. आमच्या गावाला दुधाच्या कट्ट्याचं कौतुक सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. संध्याकाळी चौकात म्हशी आणून उभ्या करतात. तुमच्या देखत आचळ धुतात, तुमच्या देखत धार काढतात आणि फेसासकट दूध तुमच्या भांड्यात. त्या संध्याकाळी मी दुधाकडं बघितलंच नाही, घेणाऱ्यांकडं बघत बसलो. वकील होते, मास्तर होते, हमाल होते. सगळे धारेवर डोळे लावून. गवळ्याच्या तोंडाकडं एकाचंही लक्ष नव्हतं. आणि गवळीही कुणाला शपथ घालत नव्हता. तो फक्त बादली उजेडात धरून बसला होता.

पावसाची भुरभुर होती. मी दूध घरात ठेवलं आणि तसाच दवाखान्यात परत गेलो.

भांडाराच्या कपाटातून न फोडलेलं खोकं काढलं. कात्री टेबलावरच ठेवली. वॉर्डाच्या व्हरांड्यात सिस्टरांना मोकळ्या हवेला बसवलं होतं, अंगावर शाल, मास्कखाली श्वास वर-खाली. डॉक्टर होते, शिवामामा होते, मावशी होत्या. मी बाकावर खोकं ठेवलं आणि चार पावलं मागं सरकलो. काय बोलायचं ते येताना रस्त्यात पाठ केलं होतं. ते सगळं विसरलो.

"सिस्टर, हे मी उघडलेलं नाही. तुम्ही उघडा."

त्यांनी खोक्याकडं बघितलं. मग माझ्या गळ्याकडं. मी पुरचुंडी काढून बाकावर ठेवली. गाठ सुटेना म्हणून डोक्यावरून काढली, त्यात चष्मा पडला.

सिस्टरांनी खोकं हातात घेतलं. कडा बघितल्या, चिकटवलेलं झाकण नखानं चाचपलं, खालून-वरून फिरवलं. किती वेळ गेला कोण जाणे. मला तरी लई वाटला. मग फाडलं. वरच्या पट्ट्या बाजूला ठेवल्या आणि मधलीच एक ओढून काढली. नंबर वाचला. दुसरी काढली, तिचाही वाचला. मग त्या बोलल्या. धाप होती, म्हणून थांबत थांबत.

"साहेब, माझी आई गावात रोजगाराला जायची. मालकिणीकडं तिला चहा मिळायचा. चहा चांगलाच असायचा. पण कप येगळा. कान तुटलेला. तो घरात न्हाई ठेवायचे, बाहेर वळचणीत खोचलेला. आईनंच तो काढायचा, आईनंच धुवायचा, परत आईनंच खोचायचा." शाल ओढून घेत म्हणाल्या, "तुम्ही दिलेला तो तुकडा बघितला आन् मला तो कप दिसला. मग पुढचं सगळं खरंच वाटत गेलं."

चहा चांगलाच असायचा, हे त्यांनी म्हटलं नसतं तर मी कदाचित पुन्हा म्हणालो असतो, की अहो गोळ्या सारख्याच होत्या.

"तुम्ही आज घेतली काय?" त्यांनी विचारलं.

नव्हती घेतली. पुरचुंडी बांधल्यापासून मीच टाळाटाळ करत होतो. डॉक्टरांकडं बघितलं, त्यांनी मानेनंच 'घ्या' म्हटलं. सिस्टरांनी पट्टीतून दोन कॅप्सूल काढल्या. एक मावशींच्या हाती माझ्याकडं दिली. मी ऐटीत ती तोंडात टाकली. म्हणजे टाकायला गेलो. तोंडावर मास्क होता. कॅप्सूल मास्कवर आपटून टुणकन उडाली आणि शिवामामांच्या चपलेपाशी जाऊन पडली.

"लागली वाटतं, सायेब," शिवामामा म्हणाले.

आणि सिस्टर हसल्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते पाणी थांबेना. मावशींनी त्यांना कवेत घेतलं. घ्यायला नको होतं, नियमात बसत नव्हतं. डॉक्टर दुसरीकडं बघायला लागले. सगळं शांत झाल्यावर सिस्टरांनी कुलुपातली बाटली मागवली आणि कॅप्सूल घेतली. मीही लांब कोपऱ्यात जाऊन, मास्क काढून, दुसरी घेतली.

"विश्वास बसलाय असं समजू नका," त्या मला म्हणाल्या. "बघून घेतलीय."

"तेवढंच बास आहे," मी म्हणालो.

पुढं लगेच सगळं सुरळीत झालं नाही. धाप ओसरायला काही दिवस लागले. त्यांच्यावर नजर आहे, हे त्यांना नंतरही कित्येक दिवस वाटायचं. एसेमेस आला की वाचून पाण्याची बाटली पुन्हा कुलुपात घालायच्या. बाई डॉक्टर रोज येऊन बसायच्या. झोपेची गोळी सुरू झाली, ती रोज एकच. ती मी अख्खी पट्टी समोर धरून न्यायचो, सिस्टर नंबर वाचून आपल्या हातानं एक काढायच्या आणि पट्टी मी परत आणायचो. पहिल्या सलग झोपेनंतर त्यांनी आपणहून विचारलं, "सुजाताला फोन लावून द्याल काय कुणी?" शिवामामांनी आपला मोबाइल लाऊडस्पीकरवर लावून धरला. लेकीनं आईला पहिला प्रश्न विचारला तो, "आज्जीकडं मांजराला पिल्लं झाल्यात, एक आणू काय?" दवाखान्यात त्या दिवशी एवढी महत्त्वाची दुसरी बातमी नव्हती.

त्यानंतर आमच्याकडं खोकं वॉर्डात, सगळ्यांच्या देखत फोडायचं ठरलं. आधी मामा-मावशी, मग सिस्टर, शेवटी डॉक्टर. डॉक्टरांनीच तसं सांगितलं. शिवामामांचा प्रत्येक वेळी एकच उद्योग, नंबर मोठ्यानं वाचायचा, लॉटरी फुटल्यासारखा. मास्कवाल्यांवरचा त्यांचा संशय मात्र शेवटपर्यंत गेला नाही. मीही फार वाद घातला नाही. मास्क ते न चुकता लावत होते.

एक गोष्ट राहून गेली, ती टोचते. चंदगडकडची एक नवी सिस्टर होती. लाजरी, कमी बोलणारी. ती त्याच गडबडीत एक दिवस गावी गेली आणि परत आलीच नाही. तिला कशाची भीती वाटत होती, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. कांबळे सिस्टर निदान ओठ मिटून बसल्या, म्हणून आम्हाला कळलं. ती पोरगी तर रोज 'हो साहेब' म्हणत तुकडा घेऊन जायची.

बाकी माझ्या मनात आज आहे ती कृतज्ञताच. बाई डॉक्टरांची, कारण त्यांनी बसायला शिकवलं. शिवामामांची, कारण त्यांनी तोंडावर विचारलं. त्यांनी विचारलं नसतं तर मी आजही नंबराच्या टोकाकडून कापत बसलो असतो. आणि सिस्टरांची तर आहेच. इतक्या तापात, इतक्या भीतीत, त्यांनी खोकं परत ढकललं नाही, हातात घेऊन बघितलं. तेवढी संधी त्यांनी मला दिली. मी त्यांच्या जागी असतो तर दिली असती की नाही, सांगता येत नाही. मी तर पिशवीचं दूधसुद्धा घेत नाही.

दिवाळीच्या आधी सिस्टर कामावर परतल्या आणि एका रविवारी सुजाताला घेऊन आमच्या घरी आल्या. बरोबर नेसरीचा नवा तांदूळ. पिशवीचं तोंड सुतळीनं शिवलेलं. मी सवयीनं म्हणालो, "कात्री कुठाय?" शैला आणि सिस्टर दोघी एकदमच म्हणाल्या, "नको!" ओळख व्हायला तेवढं पुरलं.

मी सिस्टरांना खुर्ची दिली, पंखा लावला. म्हटलं, शैला चहा आणील. पण शैलानं त्यांना टेकूच दिलं नाही. "इकडं या की, आत. बाहेर काय करतायसा?" म्हणत हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं, ओट्यापाशी. दूध तापवलं त्यांच्यासमोर, पावडर टाकली त्यांच्यासमोर, आलं त्यांनाच किसायला दिलं. कपाटातले चांगले कप काढले, दोघींना एकसारखे. मग ओट्याला टेकून दोघी उभ्यानंच चहा पीत, जुन्या मैत्रिणी असल्यासारख्या बोलत राहिल्या. मधूनच हसण्याचा आवाज यायचा. विषय बहुधा मीच असणार. सुजाता आणि मी बाहेर मांजराच्या पिल्लाचं नाव ठरवत बसलो होतो. माझा चहा गार झाल्यावर आला.

त्या गेल्यावर मी शैलाला म्हणालो, "अगं, पाहुणे पहिल्यांदा घरी आले. बाहेर नीट बसवून ट्रेमधनं चहा द्यायचा सोडून ओट्यापाशी काय उभं केलंस त्यांना?"

शैला कप विसळत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "मग काय, बिननंबरचा पाजू?"